चढासाठी रोड बाईकचे गिअर कसे निवडावेत

चढावर दम लागणे स्वाभाविक आहे. पण सर्वांत हलका गिअर लावूनही पेडल फिरता फिरत नसेल, सायकल डावी-उजवीकडे हेलकावत असेल आणि दर फेरीला गुडघ्यात ताण जाणवत असेल, तर सायकलचे गिअर आपल्या ताकदीला आणि त्या रस्त्याला जुळणारे नाहीत, असे खुशाल समजावे. रोड बाईक मूळची शर्यतीसाठी घडलेली आहे आणि आजही विक्रीला असलेल्या अनेक सायकलींवरचे गिअर शर्यतीत पळणाऱ्यांच्या पायांचा विचार करून ठरवलेले असतात. त्यामुळे चढासाठी गिअर निवडताना नवख्या सायकलस्वाराने इतरांच्या सायकलीवर काय बसवले आहे हे पाहण्यापेक्षा, आपल्या वाटेवरच्या सर्वांत तीव्र चढावर आपण स्वतः किती वेगाने जाऊ शकतो, या प्रश्नापासून सुरुवात करावी. तो वेग एकदा कळला की लागणारा गिअर साध्या गुणाकार-भागाकाराने निघतो, आणि मग तो आपल्या सायकलवर बसेल का, एवढेच तपासायचे उरते.

दात्यांचा हिशेब

पेडलांपाशी असलेल्या दातेरी चकत्यांना चेनरिंग म्हणतात. मागच्या चाकावर लहानमोठ्या चकत्यांची जी चळत असते ती कॅसेट, आणि तिच्यातली एकेक चकती म्हणजे कॉग. चेनरिंगच्या दात्यांना कॉगच्या दात्यांनी भागले की गिअरचे गुणोत्तर मिळते. पुढे ३४ दाते आणि मागे २८ दाते असतील, तर ३४ भागिले २८ म्हणजे १.२१, याचा अर्थ पेडलाची एक फेरी पूर्ण झाली की मागचे चाक १.२१ वेळा फिरते. रोड बाईकच्या ७०० सी चाकाचा परीघ नेहमीच्या टायरसह सुमारे २.१ मीटर असतो, म्हणून या गिअरमध्ये एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. पुढेही ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर गुणोत्तर १ होते आणि सायकल एका फेरीत २.१ मीटर जाते. एका फेरीत अंतर जितके कमी, तितका गिअर हलका.

नवख्यांचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण पुढची आणि मागची बाजू एकमेकींच्या उलट वागतात: पुढची चकती लहान केली की गिअर हलका होतो, तर मागची चकती मोठी केली की हलका होतो. चढासाठी आपल्याला लहानांतले लहान चेनरिंग आणि मोठ्यांतला मोठा कॉग यांच्याशीच कर्तव्य आहे.

दोन चेनरिंगच्या सायकलींवर ५३/३९, ५२/३६ आणि ५०/३४ या जोड्या सर्रास दिसतात. ५०/३४ ला कॉम्पॅक्ट म्हणतात. तिच्याहून लहान ४८/३२, ४८/३१ आणि ४६/३० अशा जोड्याही मिळतात आणि नवख्यांच्या दृष्टीने त्याच अधिक विचार करण्यासारख्या आहेत. कॅसेटवर ११-२८ किंवा ११-३४ असे लिहिलेले असते. पहिला आकडा सर्वांत लहान कॉगचा आणि दुसरा सर्वांत मोठ्या कॉगचा. आकडे पुसट झाले असतील तर दाते सरळ मोजावेत, आणि मोजताना सुरुवातीच्या दात्यावर खडूची खूण करावी.

पहिली पायरी: चढ किती आहे ते पाहा

चढाची तीव्रता टक्क्यांत सांगतात. एक किलोमीटर अंतरात रस्ता ८० मीटर वर जात असेल, तर तो चढ ८ टक्क्यांचा. नकाशाच्या बहुतेक अॅपमध्ये रस्त्याचा उंचीचा आलेख मिळतो आणि त्यावरून हे काढता येते. मात्र संपूर्ण घाटाच्या सरासरीवर गिअर ठरवू नये. फ्रान्समधला माँ व्हाँतू हा सायकलस्वारांमध्ये प्रसिद्ध असलेला डोंगर याचे चांगले उदाहरण आहे. बेद्वाँ गावाकडून वर जाणारा रस्ता एकवीस किलोमीटरांहून थोडा लांब आहे आणि त्याची सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास भरते. पण सुरुवातीचे काही किलोमीटर बरेच सौम्य असून त्यानंतर जंगलातला जो लांबलचक टप्पा लागतो तो सलग ९ टक्के किंवा त्याहून अधिक आहे. सरासरी पाहून गिअर ठरवणाऱ्याला त्या जंगलात पेडल मारणे फार जड जाईल.

म्हणून आपल्या रस्त्याचा आलेख अर्ध्या ते एक किलोमीटरच्या तुकड्यांत पाहावा आणि त्यातला सर्वांत तीव्र तुकडा हिशेबासाठी घ्यावा. याहून लहान तुकड्यांत फोनची उंचीची नोंद फसवी असते. पन्नास मीटरच्या पट्ट्यात दिसणारा १८ टक्क्यांचा चढ पुष्कळदा केवळ मोजणीतली चूक असते. नागमोडी वळणांवर आतल्या कडेचा चढ बाहेरच्या कडेपेक्षा बराच तीव्र असतो, पण तो काही मीटरांपुरताच असल्याने उभे राहून पार करता येतो. गिअर निवडायचा तो बसून, सलग, दहा-वीस मिनिटे चढायच्या भागासाठी.

दुसरी पायरी: आपला चढावरचा वेग मोजा

या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते सगळा घोळ तेथेच होतो. आपल्या ओळखीचा, शक्यतो एकसारख्या चढाचा एक किलोमीटरचा रस्ता निवडावा. पाच-सहा टक्क्यांचा असेल तर उत्तम. दम लागेल पण तुटक वाक्ये बोलता येतील अशा जोराने तो चढावा आणि वेळ मोजावी. शर्यत लावल्यासारखे चढू नये, कारण आपल्याला हवा आहे तो अर्धा-पाऊण तास टिकणारा वेग. सोबत नेहमी जे सामान नेता तेही सायकलवर असू द्यावे.

समजा, ६ टक्क्यांचा एक किलोमीटर चढायला साडेसहा मिनिटे लागली. म्हणजे वेग ताशी ९.२ किलोमीटर झाला. आता याच जोराने ८ टक्क्यांच्या चढावर किती वेग मिळेल? इतक्या कमी वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो आणि जवळजवळ सगळी ताकद वजन वर उचलण्यात जाते, म्हणून चढ जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने वेग घटतो. टायर रस्त्यावर घासत जाण्यात जी शक्ती खर्च होते ती चांगल्या डांबरी रस्त्यावर अर्ध्या टक्क्याच्या चढाइतकी भरते, म्हणून दोन्ही चढांमध्ये अर्धा मिळवायचा. आपल्या उदाहरणात ९.२ ला ६.५ ने गुणायचे आणि ८.५ ने भागायचे. उत्तर येते ताशी ७ किलोमीटर. १० टक्क्यांसाठी ८.५ च्या जागी १०.५ घ्यायचे, म्हणजे वेग ५.७ येतो. चार टक्क्यांहून अधिक असलेल्या चढांसाठी हा हिशेब विश्वासाने वापरता येतो, आणि त्याला घड्याळापलीकडे कोणतेही साधन लागत नाही.

ज्यांच्याकडे शक्ती मोजणारे यंत्र आहे त्यांना दुसरी वाट आहे. आपण सलग देऊ शकतो तितक्या वॅटला ३५ ने गुणावे. मग स्वतःचे, सायकलचे आणि सामानाचे मिळून किलोमधले वजन घेऊन त्याला अर्धा टक्का मिळवलेल्या चढाने गुणावे आणि या गुणाकाराने आधीच्या आकड्याला भागावे. १५० वॅट, ८५ किलो आणि ८ टक्के घेतले तर वेग ताशी ७.३ किलोमीटर येतो. चेनमध्ये आणि हवेत वाया जाणारी थोडी शक्ती त्या ३५ मध्ये धरलेली आहे.

हे आकडे पाहून कोणी हिरमुसू नये. डोंगरी टप्प्यांवर पुढे असणारे व्यावसायिक शर्यतपटू दीर्घ चढावर शरीराच्या दर किलोमागे ६ वॅटच्या आसपास शक्ती देतात, तर चांगल्या प्रकृतीच्या नवख्याला २ वॅट सलग देणेही पुरेसे कष्टाचे असते. परिणामी ८ टक्क्यांच्या चढावर व्यावसायिक ताशी २० किलोमीटरच्या आसपास जातो आणि नवखा ७ ने. व्यावसायिकाला त्या वेगाने मिनिटाला ९० फेऱ्या मारायला १.७६ गुणोत्तराचा गिअर पुरतो, म्हणजे पुढे ४० दात्यांचे चेनरिंग असेल तर मागे २३ दात्यांचा कॉग. आणि तरीही आज व्यावसायिकांच्या सायकलींवर डोंगरी टप्प्यांसाठी मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट दिसते. एक तृतीयांश वेगाने चढणाऱ्या माणसाला त्यांच्यापेक्षा कितीतरी हलका गिअर लागणार, हे त्यातून उघडच आहे. तरीही मोठा कॉग बसवणे म्हणजे कमीपणा, ही समजूत सायकलस्वारांमध्ये जुनी आहे. खुद्द टूर द फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे यंत्र, वापरायची मुभा १९३७ साली मिळाली. त्याआधी पायथ्याशी उतरून, मागचे चाक काढून उलटे बसवून दुसऱ्या बाजूचा कॉग वापरावा लागत असे. तो काळ गेला, पण त्याचा अभिमान काही ठिकाणी अजून शिल्लक आहे. नवख्यांनी त्याच्या भरीस पडू नये असे मला कळकळीने वाटते, कारण त्याची किंमत गुडघे मोजतात.

तिसरी पायरी: फेऱ्यांवरून गुणोत्तर काढा

पेडलाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना केडन्स म्हणतात. सपाट रस्त्यावर बहुतेकांचा केडन्स ८० ते ९० असतो आणि चढावर तो उतरतो. बसून चढताना ७० असेल तर उत्तम, ६० पर्यंत ठीक. ५० च्या खाली दीर्घकाळ राहावे लागत असेल तर गिअर जड आहे.

यामागचे कारण आकड्यांत पाहण्यासारखे आहे. वर घेतलेल्या उदाहरणात, एकूण वजन ८५ किलो धरले तर ८ टक्क्यांच्या चढावर ताशी ७ किलोमीटरने जाण्यासाठी सुमारे १४० वॅट लागतात. हीच शक्ती ४६ फेऱ्यांनी द्यायची असेल तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर, सरासरी १७ किलो वजनाइतका दाब सतत द्यावा लागतो. ६३ फेऱ्यांनी द्यायची असेल तर १३ किलोंच्या आत काम भागते. शिवाय ही सरासरी झाली. पेडल समोर आडवे येते त्या क्षणी प्रत्यक्ष दाब याच्या जवळजवळ दुप्पट असतो. तासभराच्या चढात अशा हजारो फेऱ्या होतात, हे लक्षात घेतले म्हणजे दर फेरीचे चार किलो किती महत्त्वाचे आहेत ते कळेल.

आता गुणोत्तर काढू. हव्या असलेल्या केडन्सला ०.१२६ ने गुणावे आणि त्या उत्तराने आपल्या वेगाला भागावे. ०.१२६ हा आकडा म्हणजे चाकाचा २.१ मीटर परीघ, तासाची ६० मिनिटे आणि किलोमीटरचे हजार मीटर यांचा एकत्रित हिशेब आहे. ताशी ७ किलोमीटर वेग आणि ७० केडन्स असेल तर ७ भागिले ८.८२, म्हणजे ०.७९, ६० केडन्स चालत असेल तर ०.९३. आपल्या सायकलस्वाराला या दोहोंच्या मधला, म्हणजे १ पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर हवा आहे.

बाजारात मिळणाऱ्या जोड्या या वेगाला लावून पाहिल्या की चित्र स्वच्छ होते. येथे पहिला आकडा चेनरिंगच्या दात्यांचा आणि दुसरा कॉगच्या दात्यांचा आहे. ताशी ७ किलोमीटरने चढताना जुन्या पद्धतीच्या ३९/२५ वर केडन्स अवघा ३६ पडेल, ३४/२८ वर ४६, ३४/३२ वर ५२, ३४/३४ वर ५६, ३४/३६ वर ५९, ३०/३४ वर ६३ आणि ३०/३६ वर ६७. अनेक नव्या सायकलींसोबत येणारी कॉम्पॅक्ट चेनरिंग आणि ११-२८ कॅसेटची जोडी या माणसाला अपुरी आहे, आणि हा माणूस अशक्त नाही, अगदी सर्वसाधारण नवखा आहे.

आलेल्या उत्तराहून एक पायरी हलका गिअर घ्यावा, असे मी नेहमी सुचवतो. दिवसाचा शेवटचा चढ थकलेल्या पायांनी चढायचा असतो, कधी समोरून वारा असतो, कधी सामान वाढते. एकूण वजनात १० किलोंची भर पडली तर ८५ चे ९५ होतात आणि गिअर सुमारे १० टक्के हलका लागतो. ३४ चा कॉग पुरत होता तेथे ३८ चा लागेल एवढा हा फरक आहे. उलट बाजूने मर्यादाही आहे. ताशी ५ किलोमीटरच्या खाली सायकलचा तोल सांभाळणे कठीण होते आणि पुढचे चाक भरकटू लागते, म्हणून ०.७५ च्या खालचे गुणोत्तर बरेच सामान लादून प्रवास करणाऱ्यांच्याच उपयोगाचे असते.

चौथी पायरी: बदल मागे करावा की पुढे

बहुतेकांनी आधी कॅसेटचा विचार करावा. कॅसेट झिजणारीच वस्तू आहे, केव्हा तरी बदलावी लागतेच, आणि योग्य हत्यार असेल तर ती दहा मिनिटांत निघते. २८ वरून ३४ वर गेल्याने सर्वांत हलका गिअर जवळजवळ १८ टक्के हलका होतो. वजनाची काळजी करू नये. ११-२८ च्या तुलनेत त्याच दर्जाची ११-३४ कॅसेट शंभरेक ग्रॅम जड असते आणि ८५ किलोंच्या एकूण वजनात तेवढ्याने तासाभराच्या चढाला चार-पाच सेकंदांचा फरक पडतो.

मोठ्या कॅसेटवर घेतला जाणारा दुसरा आक्षेप असा, की दोन कॉगांमधले अंतर वाढते आणि सपाट रस्त्यावर मनासारखा गिअर सापडत नाही. यात तथ्य किती आहे ते दात्यांवरूनच पाहू. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या ११ गिअरच्या ११-२८ कॅसेटमध्ये ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५ आणि २८ असे कॉग असतात. ११ गिअरच्याच ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३० आणि ३४ असतात. नीट पाहिले तर १५ पासून २५ पर्यंतचे कॉग दोन्हींत तेच आहेत आणि गेले आहेत ते १२ आणि १४. पुढे ५० चे चेनरिंग असताना १४ चा कॉग ८५ केडन्सला ताशी ३८ किलोमीटर वेग देतो, आणि १२ चा ४४ हून अधिक. जो सायकलस्वार सपाटीवर ताशी २५ ते ३२ किलोमीटरने जातो त्याला हे दोन कॉग गेल्याचे जाणवणारही नाही. वेगवान गटात पुढे राहून चालवणाऱ्याला मात्र ते जाणवतील, आणि त्याने १२ गिअरची सायकल घेतली तर तेथील ११-३४ मध्ये लहान कॉग पुन्हा एकेका दात्याने वाढत जातात.

कॅसेटने काम भागत नसेल तर पुढे वळावे. चेनरिंग ३४ वरून ३० वर आणल्याने गिअर आणखी १२ टक्के हलका होतो. येथे अडचण अशी, की आहे त्या क्रँकवर हवे तेवढे लहान चेनरिंग बसतेच असे नाही. चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासावर हे ठरते: ११० मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या क्रँकवर ३४ च्या खाली फारसे जाता येत नाही, आणि १३० मिलिमीटरच्या क्रँकवर ३८ च्या खाली मुळीच नाही. म्हणून ३० किंवा ३१ साठी बहुधा संपूर्ण क्रँकच बदलावा लागतो. शिमानोचा ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या, सायकलींसाठीचा जीआरएक्स क्रँक घेतला, तर त्याची चेनरिंगे नेहमीपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असतात आणि त्यांच्यासाठी पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला घ्यावा लागतो. इतर कंपन्यांच्या ४६/३० क्रँकवर जुना पुढचा डिरेलर चालू शकतो, पण मोठे चेनरिंग लहान झाल्यामुळे तो खाली सरकवावा लागतो. तो तेवढा खाली येतो का, हे क्रँक विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

मोठे चेनरिंग ५० चे ४६ झाले म्हणजे वेग मारला जाईल, ही भीती मनातून काढून टाकावी. ४६/११ या गिअरमध्ये ९० केडन्सला सायकल ताशी ४७ किलोमीटरने जाते. त्याहून अधिक वेग नवख्याला उतारावरच मिळतो, आणि उतारावर पेडल थांबवून दोन्ही हात ब्रेकजवळ ठेवणेच श्रेयस्कर.

पाचवी पायरी: सायकलला ते झेपेल का

मागच्या डिरेलरला दोन मर्यादा असतात आणि दोन्ही निर्मात्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या असतात. पहिली मर्यादा सर्वांत मोठ्या कॉगची. शिमानोच्या १०५ आर७००० या मालिकेचेच पाहा: आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० दात्यांपर्यंत चालतो, मध्यम पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. पिंजरा म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा, दोन लहान चाकांतून चेन नेणारा भाग. हे दोन डिरेलर दिसायला सारखेच असतात. आखूड पिंजऱ्यावर एसएस आणि मध्यमवर जीएस अशी अक्षरे असतात, पण ती मागच्या बाजूला असल्याने वाकून पाहावी लागतात.

दुसरी मर्यादा एकूण क्षमतेची, म्हणजे डिरेलर किती सैल चेन गोळा करून ताणून धरू शकतो याची. ती काढायला पुढच्या दोन चेनरिंगांतला फरक आणि मागच्या टोकाच्या दोन कॉगांतला फरक यांची बेरीज करावी. ५०/३४ आणि ११-३४ असेल तर १६ आणि २३ मिळून ३९ होतात, आणि मध्यम पिंजऱ्याच्या वरील डिरेलरची क्षमता नेमकी ३९ आहे. आखूड पिंजऱ्याची ३५ आहे. आपली बेरीज क्षमतेच्या पुढे जात असेल तर डिरेलर बदलावा. डिरेलर आणि फ्रेमच्या मध्ये लावायची एक लहान पट्टी मिळते, जिच्यामुळे डिरेलर खाली येतो आणि मोठा कॉग बसतो. पण तिने एकूण क्षमता वाढत नाही आणि गिअर बदलण्यातला नेमकेपणा थोडा कमी होतो. जुन्या सायकलीला हातभार म्हणून ती ठीक आहे, नव्या सायकलीला ती लावू नये.

यानंतर कॅसेट आपल्या चाकाच्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर ती सरकवून बसवतात त्यावर, बसते का ते पाहावे. शिमानो, कँपॅग्नोलो आणि स्रॅमच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटी यांचे फ्रीहब वेगवेगळे असतात. शिमानोच्या ज्या ११-३४ चे कॉग वर मोजले, ती ११ गिअरची असूनही रोडच्या ११ गिअरच्या फ्रीहबवर बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची चकती घालावी लागते. चकती विसरली तर कॅसेट घट्ट केल्यावरही डुगडुगते. कॅसेट जितक्या कॉगांची, तितक्याच गिअरचे लीव्हर आणि तितक्याच गिअरची चेन लागते, हे वेगळे सांगायला नको.

चेनची लांबी हा शेवटचा आणि सर्वांत धोक्याचा मुद्दा. मोठा कॉग बसवल्यावर जुनी चेन अनेकदा आखूड पडते. अशा वेळी चुकून मोठे चेनरिंग आणि मोठा कॉग एकत्र लागले, तर चेन ताणली जाऊन डिरेलर किंवा तो ज्याला टांगलेला असतो तो फ्रेमचा हँगर मोडू शकतो. म्हणून कॅसेटसोबत नवी चेनही घ्यावी आणि ती निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने मापून तोडावी. नव्या कॉगवर झिजलेली चेन तशीही चालवू नये.

सहावी पायरी: बसवल्यानंतरची तपासणी

सायकल स्टँडवर लावून आधी मोठे चेनरिंग आणि मोठा कॉग अशी जोडी हाताने पेडल फिरवत हळू लावून पाहावी. पिंजरा पुढे ताणला गेला तरी त्यात किंचित ढिलाई राहिली पाहिजे. मग लहान चेनरिंग आणि लहान कॉग लावून चेन लोंबत नाही ना, ते पाहावे. डिरेलरच्या मागच्या बाजूला असलेल्या बी-स्क्रूने पिंजऱ्यातले वरचे लहान चाक आणि सर्वांत मोठा कॉग यांच्यातले अंतर जुळवावे. रोडच्या बहुतेक डिरेलरना साधारण ५ ते ६ मिलिमीटर योग्य ठरते. ते चाक कॉगला घासत असेल तर घरघर ऐकू येते आणि गिअर बदलायला अडतो. आतल्या बाजूची मर्यादा ठरवणारा स्क्रूही याच वेळी तपासावा, कारण तो सैल असेल तर चेन मोठ्या कॉगवरून उडून चाकाच्या तारांमध्ये जाते, आणि हे नेमके चढावर, सर्वाधिक दाब असताना घडते.

पहिल्या चढावर

गिअर हलका करायचा तो चढ तीव्र होण्याआधी. पेडलांवर पूर्ण जोर असताना पुढचे चेनरिंग बदलू पाहिले तर चेन अडकते किंवा निसटते. म्हणून चढाच्या पायथ्याशी, पाय अजून मोकळे फिरत असतानाच लहान चेनरिंगवर यावे. ५० वरून ३४ वर येताना गिअर एकदम ३२ टक्के हलका होतो आणि पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात, त्यामुळे त्याच वेळी मागे दोन-तीन कॉग लहान बाजूला जावे आणि मग चढ वाढेल तसे एकेक करून मोठ्या कॉगकडे सरकावे. बदलताना अर्ध्या फेरीपुरता पेडलांवरचा दाब कमी करायची सवय लावून घ्यावी.

सर्वांत मोठा कॉग सुरुवातीलाच लावून टाकण्याचा मोह होतो. शक्य तोवर तो राखून ठेवावा आणि सर्वांत तीव्र तुकड्यावर वापरावा. त्या तुकड्यावर अर्ध्या मिनिटात पेडलाच्या फेऱ्या मोजून त्याची दुप्पट करावी. आकडा ६० किंवा अधिक आला तर निवड जमली. ५० च्या आसपास आला तर त्या दिवशीचा वेग आणि चढ टिपून घ्यावा, तिसऱ्या पायरीतला भागाकार नव्या आकड्यांनी पुन्हा करावा, आणि पुढची कॅसेट घेताना त्यातून येणारा कॉग घ्यावा.